आवाजाचा कासरा

आमच्या बीड जिल्ह्यात ‘कॉम्प्रेसर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक पंक्चरच्या दुकानातली हवेची टाकी आणि दुसरं फ्रिजच्या मागच्या बाजूला खाली बसवलेलं ते काळं गाडगं. पण तिसराही एक कॉम्प्रेसर असतो. तो हवा दाबत नाही, आवाज दाबतो. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे. इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं या भानगडीत का पडावं, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण असं, की या यंत्रावरची बटणं नुसती वाचून मला कळली नाहीत. ती कुठून आली हे पाहिल्यावर कळली. म्हणजे हा विषय शेवटी माझाच निघाला!

माझा एक जुना विद्यार्थी मंडप आणि साऊंडचा धंदा करतो. नारायणगडाच्या पंचक्रोशीत सप्ताह असो, लग्न असो की सभा, माइक बहुधा त्याचाच. गड म्हणजे आमच्याकडची धाकटी पंढरी, नगद नारायण महाराजांचं ठाणं. त्यामुळे कीर्तनाला इथे तोटा नाही. या पोरानं कर्ज काढून नवा डिजिटल मिक्सर घेतला. त्याच्या पडद्यावर प्रत्येक माइकसाठी एक कॉम्प्रेसर, आणि त्यात थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज, नी, गेन अशी नावं. तो म्हणाला, “सर, पुढचे म्हणतात कान फुटतेत आन् मागचे म्हणतात ऐकूच येत नाही. ह्या बटणांनी काही होतं का बघा ना.” त्याच्या त्या एका वाक्यात सगळा प्रश्न आलेला आहे.

आधी अडचण नीट समजून घेऊ. कीर्तनकार एका पट्टीत बोलत नाही. दृष्टांत सांगताना तो कुजबुजीवर येतो, आणि पुढच्याच क्षणी ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर होतो तेव्हा मंडप हलतो. या दोन टोकांत पंचवीस-तीस डेसिबलचा फरक सहज पडतो. डेसिबलचा हिशोब सरळ बेरजेचा नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट, वीस वाढले म्हणजे शंभरपट आणि तीस वाढले म्हणजे हजारपट! आपल्या कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. निसर्गानं कानातच काहीतरी आवळून ठेवलेलं आहे म्हणायचं.

त्यात अंतराची भर. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. बॉक्सपासून पाच मीटरवर बसलेला माणूस आणि ऐंशी मीटरवर बसलेली म्हातारी यांच्यात अंतर चार वेळा दुप्पट झालं, म्हणजे चोवीस डेसिबलचा फरक. कीर्तनकाराची कुजबुज तिच्यापर्यंत पोचते तेव्हा जनरेटरची घरघर, लेकरांची रडारड आणि वाऱ्याची फडफड यांच्या खाली गेलेली असते. दृष्टांताचा कळसच नेमका हळू आवाजात असतो. म्हणजे मागच्या रांगेला गजर तेवढा मिळतो आणि गोष्ट पुढच्या रांगेतच संपते.

हा प्रश्न माइकच्या आधीपासूनचा आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय म्हणजे माणसाचा हात. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात भारतीय गाणं मुद्रित करायला आला. तेव्हा वीज नव्हती, माइक नव्हता. गायकानं एका कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. तान मोठी आली की सुई वेडीवाकडी जाणार, आवाज हलका पडला की रेघच उमटणार नाही. म्हणून त्या काळी गायकाजवळ माणूस उभा राहायचा. मोठ्या स्वराच्या वेळी तो गायकाला धरून मागे ओढी आणि हलक्या स्वराला पुढे ढकली. ऐकायला गंमत वाटते, पण कॉम्प्रेसर म्हणजे हेच. मोठं झालं की मागे ओढा, लहान झालं की पुढे आणा.

पुढे रेडिओ आला. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. आपल्या मराठवाड्यात तर निजामाच्या राज्यात हैदराबादबरोबर औरंगाबादलाही (आताचं छत्रपती संभाजीनगर) रेडिओ केंद्र होतं. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांकडे जी पाच केंद्रं होती त्यांत हे एक. रेडिओच्या कंट्रोल रूममध्ये अभियंता काट्याकडे डोळे लावून बसे आणि एक हात बटणावर ठेवी. वक्ता चढला की हळूच कमी, उतरला की हळूच जास्त. आमच्याकडे गाडीवान बैलांचा कासरा धरतो ना, अगदी तसं. चांगला गाडीवान सारखा ओढत बसत नाही. उतार आला की आवळतो, सपाटी आली की ढिला सोडतो आणि बैलाला कळूही देत नाही.

पण हाताला एक मर्यादा आहे. हात आधी ऐकतो आणि मग हलतो. वक्ता अचानक ओरडला तर हात पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. आणि रेडिओत ते महाग पडे. त्या काळच्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात आवाज ठराविक मर्यादेपलीकडे गेला की नुसता फाटत नसे, तर सांडून शेजारच्या केंद्राच्या जागेत घुसे. या धास्तीनं अभियंते सगळंच प्रक्षेपण जरा दबक्या आवाजात ठेवीत, आणि मग दूरच्या गावाला खरखरीशिवाय काही ऐकू येत नसे. इथे यंत्राची गरज पडली. १९३७ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनं ‘११०-ए’ नावाचं यंत्र रेडिओ केंद्रांसाठी काढलं. आवाज रेघेच्या वर गेला की ते आपणहून कासरा ओढी. पाठोपाठ इतर कंपन्यांनीही तशी यंत्रं काढली.

थ्रेशोल्ड म्हणजे ही रेघ. शब्दाचा सरळ अर्थ उंबरठा. आवाज उंबरठ्याच्या आत आहे तोवर यंत्र त्याला हात लावत नाही. उंबरठा ओलांडला की कासरा आवळला. हे बटण खाली आणावं तसा उंबरठा खाली येतो आणि अधिकाधिक आवाज यंत्राच्या तावडीत सापडतो. पुष्कळांची समजूत नेमकी उलटी असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरं बटण रेशो, म्हणजे प्रमाण. उंबरठा ओलांडलेल्या आवाजातलं किती ठेवायचं याचा हा करार. चारास एक असं प्रमाण लावलं तर उंबरठ्याच्या वर चार डेसिबल गेलेला आवाज एकच डेसिबल वर राहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चौथाई सांगावी लागत नाही! फक्त इथे हिशोब उलटा आहे. मराठे चौथा हिस्सा घेऊन जात, कॉम्प्रेसर चौथा हिस्सा ठेवून जातो. दोनास एक हे सौम्य, चारास एक मध्यम, आणि दहास एकच्या पुढे गेलं की त्याला लिमिटर म्हणायचं, म्हणजे जवळजवळ भिंतच. रेडिओवाल्यांना भिंतच हवी होती, कारण त्यांना यंत्र वाचवायचं होतं. बोलणाऱ्याच्या आवाजाचं काय होतं हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं नंतरचा.

एक उदाहरण आकड्यांत करून पाहू, म्हणजे शंका राहणार नाही. मिक्सरवर आवाज उणे आकड्यांत मोजतात. शून्य म्हणजे छप्पर. कीर्तनकाराची कुजबुज उणे बत्तीसवर आहे आणि गजर उणे आठवर. दोघांत चोवीसचं अंतर. थ्रेशोल्ड उणे वीसवर ठेवला आणि रेशो चारास एक. कुजबुज उंबरठ्याच्या आतच आहे, तिला धक्का नाही. गजर उंबरठ्याच्या बारा वर होता, तो आता तीनच वर राहिला, म्हणजे उणे सतरा. नऊ डेसिबल कापले गेले. आता अंतर पंधराचं झालं. मग सगळाच आवाज सहानं वाढवला तर कुजबुज उणे सव्वीसवर आली आणि गजर उणे अकरावर. गजर आधीपेक्षा तीननं लहान आणि कुजबुज सहानं मोठी!

हे जे शेवटी वाढवलं त्याला ‘मेकअप गेन’ म्हणतात. मी त्याला भरपाई म्हणतो. शेतकऱ्याला भरपाईची वाट पाहावी लागते, इथे ती त्याच क्षणाला मिळते. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की कॉम्प्रेसर स्वतः हळू आवाज वाढवत नाही. तो मोठ्याला आवरतो, त्यामुळे वर जागा मोकळी होते, आणि ती जागा भरपाईच्या बटणानं लहानाला मिळते.

आता तिसरं आणि चौथं बटण, अटॅक आणि रिलीज. ही दोन्ही वेळेची बटणं. उंबरठा ओलांडल्यावर कासरा किती चटकन ओढायचा तो अटॅक, आणि आवाज परत आत आल्यावर किती वेळानं ढिला सोडायचा तो रिलीज. या दोन बटणांचा इतिहास मला सगळ्यात रंजक वाटला, कारण पहिल्यांदा ती बटणं नव्हतीच. वेळ यंत्राच्या पोटातच ठरलेली असे.

१९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. तबकडीवर आवाज म्हणजे खाचेची नागमोड. आवाज मोठा, तशी नागमोड रुंद, आणि रुंद खाच जागा खाते. फारच रुंद झाली तर सुई उडी मारते. तेव्हा तबकडी कोरण्याआधी आवाज आवरणं भाग होतं. १९५९ च्या सुमारास राइन नार्मा या मूळच्या एस्टोनियाच्या अभियंत्यानं अमेरिकेत फेअरचाइल्ड ६६० हे यंत्र बनवलं. त्याच्या जोडभावात, म्हणजे ६७० मध्ये, वीस व्हॉल्व्ह होते आणि वजन तीस किलोच्या घरात. त्यात वेळेसाठी सहा ठरीव जागांचं एक बटण होतं. अटॅक आणि रिलीज एकत्रच बांधलेले. सहांतली एक जोडी निवडायची आणि गप्प बसायचं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या गाण्यांवर हेच ६६० यंत्र वापरलेलं आहे.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जिम लॉरेन्स यांनी टेलिट्रॉनिक्स कंपनीत एलए-२ए बनवलं. त्यातली युक्ती मला फार आवडली. आत एक विजेनं उजळणारा पत्रा आणि त्याच्यासमोर उजेडानं बदलणारा एक रोधक. आवाज मोठा झाला की पत्रा जास्त उजळतो आणि तेवढा आवाज कापला जातो. आवाज थांबला की पत्रा विझतो, पण समोरचा रोधक उजेड एकदम विसरत नाही. अर्धा कासरा सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास ढिला होतो आणि उरलेला सुटायला एक ते पंधरा सेकंद लागू शकतात, आधी किती वेळ ओरडा चालला होता त्यावर अवलंबून. वर्गात गोंधळ झाला की मास्तरांचा चेहरा जसा हळूहळू निवळतो तसंच! या यंत्राला मुख्य बटणं दोनच. गायकाच्या आवाजासाठी आजही लोक ते शोधत फिरतात.

१९६७ मध्ये बिल पुटनम यांनी ११७६ काढलं. ट्रान्झिस्टरच्या जातीचं हे यंत्र इतकं चपळ, की अटॅक सेकंदाच्या वीस दशलक्षांश भागापासून आठशे दशलक्षांशापर्यंत, आणि रिलीज सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यापासून साधारण एक सेकंदापर्यंत. यात अटॅक आणि रिलीजची दोन वेगळी बटणं माणसाच्या हाती आली, पण थ्रेशोल्डचं बटणच नव्हतं. उंबरठा ठरलेला, तुम्हीच आत येणारा आवाज वाढवून त्याला उंबरठ्याला भिडवायचं. आणखी गंमत म्हणजे त्याची वेळेची बटणं उजवीकडे फिरवली की वेग वाढतो, वेळ कमी होते. आजच्या पडद्यावर बहुधा उजवीकडे वेळ वाढते. दोन्ही वापरणाऱ्याचा गोंधळ उडतो तो इथे.

मग १९७१ मध्ये डेव्हिड ब्लॅकमर यांनी डीबीएक्स ही कंपनी काढली. त्यांच्या १९७६ च्या १६० या यंत्रात थ्रेशोल्डचं वेगळं बटण, रेशोचं वेगळं बटण आणि भरपाईचं वेगळं बटण होतं. वेळेचं काम यंत्र आवाजाची सरासरी ताकद पाहून आपलं आपण करी. याच कंपनीनं पुढे उंबरठ्याशी एकदम न अडवता हळूहळू अडवायची रीतही आणली. तीच आजची ‘नी’, म्हणजे गुडघा. कडक गुडघा म्हणजे उंबरठ्याशी ठेच, मऊ गुडघा म्हणजे उंबरठ्याच्या जागी उतार. बोलण्याला आणि गाण्याला मऊ बरा.

म्हणजे पाहा, त्या पोराच्या पडद्यावर एका ओळीत दिसणारी ही बटणं एका दिवसात, एका डोक्यातून आलेली नाहीत. उंबरठा आणि भिंत आली रेडिओचं प्रक्षेपण वाचवायला. वेळेचं बटण आलं तबकडीची खाच वाचवायला. गायकाच्या गळ्याची काळजी त्यानंतर आली. आणि ऐकणाऱ्याचा नंबर लागला सगळ्यात शेवटी. यंत्राबरोबरच्या माहितीपुस्तकात हे लिहिलेलं नसतं, म्हणून बटणं कोड्यासारखी वाटतात.

मंडपात मात्र ऐकणारा पहिला. तिथे वेळेची बटणं कशी लावायची? मृदंगाची थाप घ्या. थापेचा जीव पहिल्या काही सहस्रांश सेकंदांत असतो. अटॅक फार चपळ ठेवला तर थाप उमटायच्या आत दाबली जाते आणि मृदंग पत्र्याच्या डब्यावर पोतं टाकून वाजवल्यासारखा लागतो. अटॅक वीस-तीस सहस्रांश ठेवला की थाप निसटते आणि मागची घुमक तेवढी आवरली जाते. बोलण्याला पाच ते दहा सहस्रांश पुरे. रिलीज फार लवकर सुटला तर महाराज श्वास घ्यायला थांबले रे थांबले की जनरेटर आणि गर्दीचा आवाज भस्सकन वर येतो आणि पुढचा शब्द आला की खाली जातो. सगळा मंडप धापा टाकतोय असं वाटतं. रिलीज फार सावकाश असेल तर गजर संपल्यावरचा पहिला हळू शब्द दाबलेलाच राहतो, आणि आपल्याला तर तोच पोचवायचा आहे. बोलण्याला सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा, या दरम्यान कुठेतरी जमतं.

दोन गोष्टी मंडपात खास सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे शिट्टी. भरपाई सहा डेसिबल दिली म्हणजे महाराज गप्प असताना माइक सहा डेसिबलनं जास्त उघडा आहे. बॉक्सचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी मारायला तेवढं पुरतं. म्हणूनच बोलणं चालू असताना सगळं ठीक आणि नेमक्या शांततेत कुईं... असा प्रकार होतो. भरपाई देताना माणसानं गप्प उभं राहून तपासावं. दुसरी गोष्ट म्हणजे एकच कॉम्प्रेसर सगळ्यांवर लावू नये. टाळकऱ्यांनी टाळ उचलले की सगळाच आवाज दबतो आणि त्यात महाराजांचा शब्दही जातो. टाळाची शिक्षा अभंगाला कशाला? माइकगणिक वेगळा कासरा धरावा. आणि पडद्यावर जो कापणीचा काटा असतो त्याकडे पाहावं. बोलताना तो तीन ते सहा डेसिबल हलत असेल तर छान. कायम दहाच्या पुढे अडकून असेल तर समजावं की माणूस बोलत नाही, त्याचा गळा आवळलाय.

आता जरा कडू बोलतो. हेच यंत्र उलट्या कामालाही लावता येतं. सगळा आवाज चेपून एका पातळीला आणला आणि भरपाईनं छपराला भिडवला की सरासरी आवाज प्रचंड वाढतो. टीव्हीवरच्या जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या वाटायच्या त्या याच युक्तीनं. १९९० नंतर सीडी काढणाऱ्या कंपन्यांत हीच चढाओढ लागली, आणि शेवटी युरोपच्या प्रसारकांना २०१० मध्ये सरासरी जोर मोजायचा नवा दंडक घालावा लागला. आपल्याकडे मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या साऊंडला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी हा अमेरिकन माणूस १९६३ ते १९६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. त्यानं १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. मुद्रण करताना हळू आवाज वर उचलायचा आणि ऐकताना परत तेवढाच खाली बसवायचा, म्हणजे त्याबरोबर टेपची खरखरही खाली बसते. म्हणजे हाही कॉम्प्रेसरचाच भाऊबंद. कॅसेटवर आलेली त्याची रीत १९६८ ची. हळू आवाज जपण्यासाठी ज्यानं आयुष्य घालवलं, त्याचं नाव आपण छातीत धडधड करणाऱ्या भिंतीला दिलं! याहून मोठा विनोद कोणता?

कायद्यानं याला बांध घातलेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, आणि वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. नियम सगळ्यांना पाठ आहेत. पण नुसता आवाज कमी करा म्हटलं की मागच्या रांगेला जे थोडं ऐकू येत होतं तेही जातं, आणि मग कोणी ऐकत नाही. आवाजाचं टोक कमी करून शब्द कसा पोचवायचा, हे सांगणारं कोणी भेटत नाही. ते या बटणांत आहे.

हे मला इतकं जवळचं का वाटतं तेही सांगून टाकतो. गेली काही वर्षं मी डाव्या कानात यंत्र लावतो. म्हाताऱ्या कानाची तऱ्हा घराघरांत माहीत असते. नातू काही बोलला की आपण म्हणतो, “जरा मोठ्यानं बोल.” तो मोठ्यानं बोलला की आपण खेकसतो, “ओरडतोस कशाला?” घरच्यांना वाटतं म्हातारा विक्षिप्त झाला. तसं नसतं. वयानं कानाच्या आतल्या बारीक केशपेशी झिजतात. त्यामुळे हळू आवाज मुळीच पोचत नाही, पण मोठा आवाज मात्र तरुण कानाइतकाच, कधी जास्तच, आदळतो. मधली जागा अरुंद झालेली असते. जुनी श्रवणयंत्रं सगळंच सारखं वाढवीत, म्हणून लोक ती काढून खिशात ठेवीत. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवणारी यंत्रं आली. म्हणजे शेंगदाण्याएवढ्या कॉम्प्रेसरच! माझ्या कानातल्या यंत्राचा उंबरठा, प्रमाण आणि वेळ डॉक्टरीणबाईंनी संगणकावर बसवून दिली, आणि बाहेर एकही बटण नाही.

मंडपातल्या मागच्या रांगांत बहुतेक माझ्याच वयाची माणसं असतात. पुढे गर्दीत बसवत नाही, मध्येच उठावं लागतं, म्हणून ती कडेला, मागे बसतात. त्यांच्या कानांची मधली जागा अरुंद, आणि त्यात ऐंशी मीटरांचं अंतर. त्यांना कुजबुज ऐकू येत नाही आणि गजर सोसत नाही. साऊंडवाला पोरगा विशीतिशीतला, मिक्सर मांडून पुढे कडेला बसलेला. त्याच्या कानांना सगळं ठीकच वाटणार. त्यात कोणाचा दुष्टावा नाही. पण जो बटणं धरतो तो तिथे बसलेला नसतो जिथे अडचण आहे. इतिहासात हे आम्ही फार वेळा शिकवलंय, फक्त विषय आवाजाचा नव्हता.

कॉम्प्रेसरनं सगळंच होतं असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२४ ला दसऱ्याच्या दिवशी नारायणगडावर मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा झाला. तेवढ्या विस्ताराला कितीही बटणं फिरवली तरी एका जागेवरचे बॉक्स पुरत नाहीत. तिथे थोड्याथोड्या अंतरावर बॉक्स उभे करावे लागतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. त्यामुळे मागच्या बॉक्सला तेवढा उशीर लावून द्यावा लागतो, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतो. सप्ताहाच्या मंडपातही मागे दोन लहान बॉक्स ठेवले तर पुढच्यांचे कान वाचतात. अंतराचा प्रश्न बॉक्सनं सोडवावा, चढउताराचा कॉम्प्रेसरनं. दोघांची कामं वाटून दिली की दोघंही नीट राबतात.

त्या पोराला मी शेवटी एका कागदावर लिहून दिलं, तेच इथे देतो, कोणाला उपयोग झाला तर बरं. महाराजांच्या माइकला रेशो तीनास एक, गुडघा मऊ, अटॅक दहा सहस्रांश, रिलीज दोनशे सहस्रांश. महाराजांना आधी नेहमीच्या आवाजात दोन मिनिटं बोलायला सांगून थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणावा. काटा जेमतेम हलायला लागला की थांबावं, म्हणजे गजराला तो आपोआप सहा-सात कापेल. भरपाई चारपेक्षा जास्त नको आणि ती देऊन झाल्यावर शांततेत शिट्टी तपासावी. मृदंगाला अटॅक पंचवीस सहस्रांश. टाळाला माइकच नको, टाळ आपले आपण पुष्कळ पोचतात! हे आकडे म्हणजे वेदवाक्य नव्हे. मंडप बदलला, माणूस बदलला की तेही बदलतील.

आणि कागदाच्या खाली एक ओळ घातली, की बटणं लावून झाली म्हणजे मिक्सरजवळ कोणाला तरी बसवून स्वतः उठायचं, सगळ्यात मागच्या रांगेत बायकांच्या कडेला जाऊन पाच मिनिटं उभं राहायचं आणि एखाद्या आजीला विचारायचं, “मावशी, आत्ता महाराज काय म्हणले?” तिनं दृष्टांत सांगितला तर बटणं बरोबर आहेत. तिनं नुसतं “विठ्ठल विठ्ठल म्हणले” असं सांगितलं, तर परत जाऊन थ्रेशोल्डला हात घालायचा.

असो. लांबलं जरा. मास्तरकीची सवय जात नाही.